फोटो दिसेनासे झाले म्हणजे

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो शब्दशः अंगठ्याच्या नखाएवढा आहे. संगणकावर फोटोंचा फोल्डर उघडला कीं प्रत्येक फोटोचें एक लहानसें चित्र आपल्यापुढें मांडलेलें दिसतें, आणि त्यावरून हा बारशाचा, हा पंढरपूरचा, असें आपण ओळखतों. या लहान चित्रास थंबनेल, म्हणजे अंगठ्याचें नख, असें नांव आहे. कधीं कधीं मात्र हीं चित्रें एकाएकीं नाहींशीं होतात आणि त्यांच्या जागीं सर्व फोटोंना एकच ठरीव खूण येऊन बसते. असें कां होतें, तें आपल्या हातानें पूर्ववत् कसें करावें, आणि क्वचित् मुद्दाम तसें करणेंच केव्हां हिताचें असतें, हें मला सांगावयाचें आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकून पुढें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केलेला मनुष्य. संगणकशास्त्र हा कांहीं माझा विषय नव्हे. पण या नखाएवढ्या चित्रांनीं मला एकदां अशी रात्र दाखविली कीं, त्यानंतर त्यांची सविस्तर माहिती करून घेणें मला भाग पडलें.

आमच्या शाळेंत दर वर्षीं मार्च महिन्यांत चौथीच्या वर्गाचा एकत्र फोटो निघत असे. निवृत्त झाल्यावर ते सर्व, आणि त्यांच्या जोडीला घरचे जुने फोटो, मीं स्कॅन करवून घेतले. अकराशेंच्या वर भरले. स्कॅन करणाऱ्या यंत्रानें त्यांना आपल्या मनानें नांवें दिलीं : आयएमजी ०००१, आयएमजी ०००२, असे नुसते हजेरीपटांतील नंबर. मीं तीं बदललीं नाहींत. चित्र डोळ्यांसमोर दिसत असतां नांवाची गरज काय, असा माझा विचार.

पुढें २०२४ सालीं एका सायंकाळीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्यांच्या वर्गांतला एक मुलगा (मुलगा कसला, चाळिशीचा गृहस्थ) अकस्मात् वारला होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शोकसभा होती, आणि त्याच्या आईला त्याचा चौथींतला फोटो हवा होता. तिच्याजवळची प्रत २०१९ च्या कृष्णेच्या पुरांत घरांतल्या इतर सामानाबरोबर गेली होती. ‘अर्ध्या तासांत पाठवितों’, असें सांगून मीं फोल्डर उघडला, तों समोर अकराशें सारख्या खुणा. प्रत्येक चौकटींत तेच निळे डोंगर. माणूस म्हणून एकहि दिसेना.

दोन आठवड्यांपूर्वीं एका दुरुस्ती करणाऱ्याकडून मीं संगणक ‘हलका’ करून आणला होता. त्याला फोन केला. त्यानें यंत्र न पाहतांच निदान सांगितलें : “गुरुजी, फोटो खराब झालेले दिसतात. डिस्क फॉरमॅट करावी लागेल. उद्यां घेऊन या. दुसरीकडे कॉपी आहे ना?” फॉरमॅट करणें म्हणजे पाटी पुसून कोरी करणें. दुसरीकडे कॉपी नव्हती. मी त्याला ‘बरें, आणतों’ म्हणालोंहि होतों. फोन ठेवल्यावर केवळ मन लागेना म्हणून मीं त्यांतल्या एका खुणेवर दोनदां टिचकी मारली, आणि फोटो धडधाकट उघडला. आमच्या धाकट्या बहिणीचें लग्न, अक्षता उडत आहेत, कोणाला कांहींएक झालेलें नाहीं. दुसरा उघडला, तोहि तसाच. तेव्हां कोठें माझ्या ध्यानांत आलें कीं फोटो जागच्या जागीं आहेत. नाहींसें झालें आहे तें फक्त त्यांच्या दारावरचें चित्र.

आतां हें दारावरचें चित्र म्हणजे काय, तें नीट समजून घेऊं. जुन्या स्वयंपाकघरांत फळीवर पितळेच्या डब्यांची ओळ असे. सर्व डबे बाहेरून सारखे. आंत डाळ आहे कीं पोहे, हें झांकण उघडल्यावांचून कळावयाचें नाहीं. समजा, घरच्या बाईनें प्रत्येक डब्यांतील चिमूटभर जिन्नस घेऊन झांकणावर चिकटविला, तर दुरूनच डबा ओळखतां येईल. थंबनेल हा असा झांकणावर चिकटविलेला नमुना आहे. कित्येकांची समजूत अशी असते कीं तें एक भिंग आहे आणि त्यांतून आंतला फोटोच लहान होऊन दिसतो. ती समजूत चुकीची आहे. थंबनेल हें निराळें चित्र आहे, निराळ्या ठिकाणीं ठेवलेलें आहे, आणि मूळ फोटोशीं त्याचा संबंध नमुन्यापुरताच आहे.

हा नमुना संगणक कसा काढतो, तेंहि पाहण्यासारखें आहे. एखादा फोटो रुंदीस ४००० व उंचीस ३००० ठिपक्यांचा असला तर त्यांत १ कोटि २० लक्ष ठिपके झाले. संगणक तो फोटो एकदां मुकाट्यानें आंतल्या आंत उघडतो आणि, समजा, २५६ × १९२ ठिपक्यांत बसवितो. हे ४९,१५२ होतात. म्हणजे मूळच्या सुमारें २४४ ठिपक्यांमागें एक ठेवला. पुष्कळ कॅमेरे तर फोटो घेतांनाच १६० × १२० ठिपक्यांचें एक पिटुकलें चित्र त्याच फाइलींत घालून देतात. फोल्डर प्रथम उघडल्यावर चित्रें एकामागून एक उमटत जातात, तो या हिशेबाला लागणारा वेळ. पुढच्या वेळीं तीं झटकन् दिसतात, कारण एकदां काढलेलें चित्र संगणक जपून ठेवितो. २००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्यें तें त्याच फोल्डरांत थंब्स-डीबी नांवाच्या लपविलेल्या फाइलींत राही. व्हिस्टापासून पुढें प्रत्येक वापरणाऱ्याच्या खात्यांत एकच सामाईक कोठी असते.

आणि ती डोंगराची छापील खूण? ती आयकॉन. आयकॉन या शब्दाचा मूळ अर्थ प्रतिमा अथवा मूर्ति असा आहे. संगणकाच्या पडद्यावरील खुणांना तो शब्द डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनीं १९७५ सालीं आपल्या स्टॅनफर्ड येथील प्रबंधांत लावला, आणि १९८१ सालीं झेरॉक्स कंपनीच्या स्टार नामक यंत्रावर अशा खुणा बाजारांत आल्या. आयकॉन हा फोटोविषयीं कांहींच सांगत नाहीं. ही फाइल कोणत्या जातीची व ती कोणता प्रोग्रॅम उघडणार, एवढेंच सांगतो. म्हणून फोटो पाहण्याचा नवा प्रोग्रॅम घरांतल्या कोणीं बसविला कीं सर्व फोटोंच्या खुणा एका रात्रींत बदलतात, आणि ‘व्हायरस आला’ अशी ओरड होते. फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘ओपन विथ’ मधून जुना प्रोग्रॅम निवडावा व ‘ऑल्वेज’ म्हणावें. खुणा परत येतात.

तर माझ्या संगणकावर झालें होतें तें असें. विंडोजमध्यें ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’ म्हणून एक पान आहे. त्यावर ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ हा पर्याय घेतला कीं यंत्राला श्रम देणाऱ्या सर्व शोभेच्या गोष्टी एकदम बंद होतात : सावल्या, सरकणाऱ्या खिडक्या, अक्षरांच्या कडांचा गुळगुळीतपणा, आणि त्यांच्याबरोबरच हीं लहान चित्रेंहि. माझा संगणक ‘हलका’ झाला तो असा. ज्यानें चित्रें बंद केलीं त्यानेंच फोटो खराब झाल्याचें सांगितलें. लबाडीचा आरोप मी त्याच्यावर करीत नाहीं; आपण काय केलें हें त्याला ठाऊकच नव्हतें, आणि माझ्या मतें तें अधिक भयंकर आहे. उपाय एका खुणेचा आहे. स्टार्टच्या शोधपट्टींत ‘परफॉर्मन्स’ असें लिहिलें कीं ‘अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ ही ओळ येते. ती उघडून खालच्या यादींत ‘शो थंबनेल्स इन्स्टेड ऑफ आयकॉन्स’ याच्या चौकोनांत बरोबरची खूण करावी आणि ‘ओके’ म्हणावें. बाकीच्या शोभा बंद राहिल्या तरी चालेल.

हीच किल्ली दुसऱ्याहि एका दारानें मिळते. फाइल एक्सप्लोररमध्यें (विंडोज ११ असेल तर वरच्या पट्टींतील तीन ठिपक्यांवर टिचकी मारून) ‘ऑप्शन्स’ उघडावें, ‘व्ह्यू’ हें पान घ्यावें. तेथें यादीच्या वरच्या भागांत ‘ऑल्वेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ अशी ओळ दिसेल. या चौकोनांत खूण असेल तर ती काढून टाकावी. येथें माझ्यांतला परीक्षक जागा होतो. एकाच गोष्टीविषयीं एका पानावर विचारलें आहे ‘चित्रें दाखवूं ना?’ आणि दुसऱ्यावर ‘चित्रें नकोत ना?’ एका ठिकाणीं खूण म्हणजे होकार, दुसऱ्या ठिकाणीं तीच खूण म्हणजे नकार. चौथीच्या प्रश्नपत्रिकेंत असा प्रश्न घातला असता तर मुख्याध्यापकांनीं मला बोलावून घेतलें असतें. श्रोत्यांनीं ओळ शेवटपर्यंत वाचावी आणि मगच चौकोनाला हात लावावा.

पुष्कळ वेळां मात्र एवढेंहि करावें लागत नाहीं. बिघाड कसलाच नसतो, नुसता आकार लहान झालेला असतो. ‘व्ह्यू’ मध्यें ‘स्मॉल आयकॉन्स’, ‘लिस्ट’ किंवा ‘डिटेल्स’ असें असेल तर चित्र काढावयास जागाच नाहीं, म्हणून संगणक खूण दाखवून मोकळा होतो. कंट्रोलची कळ दाबून धरून माउसचें चाक फिरविलें कीं आकार लहानमोठा होतो. मुलांच्या हातून हें नकळत फार होतें, आणि आजोबांचे फोटो ‘जातात’. चाक उलट फिरवावें. कंट्रोल, शिफ्ट व २ या तीन कळा एकदम दाबल्या तरी मोठीं चित्रें समोर येतात.

कांहीं थोडेच फोटो खुणेसारखे दिसत असतील व बाकीचे ठीक असतील, तर कारण निराळें. २०१७ सालापासून आयफोन आपले फोटो एचईआयसी नांवाच्या नव्या प्रकारांत ठेवितो, आणि तो वाचण्याची विद्या कित्येक विंडोज संगणकांवर नसते. जो फोटो संगणकाला उघडतां येत नाहीं त्याचा नमुना तरी तो कोठून काढणार? मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून ‘एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स’ हें पुरवणी-साधन घ्यावें. त्याच्या जोडीचें एचईव्हीसी हें साधन कधीं कधीं लागतें. त्याला अल्प किंमत पडते. किंवा आयफोनच्या सेटिंगमध्यें कॅमेरा, मग फॉर्मॅट्स येथें जाऊन ‘मोस्ट कंपॅटिबल’ असें करावें. पुढचे फोटो जुन्या जेपेग प्रकारांत येतील.

केव्हां केव्हां चित्रें अर्धवट काळीं दिसतात, किंवा भलत्याच फोटोचें चित्र भलत्यावर दिसतें. याचा अर्थ कोठींतले नमुने नासले. ते फेंकून दिले कीं संगणक नवे काढतो. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स, या क्रमानें गेलें असतां एक यादी येते, तींत ‘थंबनेल्स’ अशी ओळ असते. तेवढ्याच ओळीवर खूण ठेवून ‘रिमूव्ह फाइल्स’ म्हणावें. यानें फोटोंच्या केंसालाहि धक्का लागत नाहीं. पण त्याच यादींत ‘डाउनलोड्स’ व ‘रिसायकल बिन’ याहि ओळी असतात. ‘डाउनलोड्स’वर खूण राहिली तर इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या तुमच्या खऱ्या फाइली जातील. एका शेल्फावर औषध व उंदरांचें विष शेजारीं शेजारीं ठेवावें, तसा हा प्रकार आहे. घाईनें करूं नये.

येथवर मीं नमुना नाहींसा होतो व माल शाबूत राहतो, ही बाजू सांगितली. उलट बाजूहि आहे, आणि ती अधिक फसवी आहे : नमुना दिसत असतो, माल तेथें नसतो. पुष्कळ घरांत आतां फोटोंचा फोल्डर वनड्राइव्ह या सेवेंत ठेवलेला असतो. तेथें चित्र नीट दिसतें, पण नांवाजवळ निळ्या कडेचा एक ढग असतो. त्याचा अर्थ मूळ फोटो तुमच्या संगणकावर नसून कंपनीच्या दूरच्या कोठारांत आहे. तुमच्याकडे झांकण तेवढें आहे. हिरवी बरोबरची खूण असली तर तो घरांतहि आहे. ‘हें तर नुसतें चित्र आहे, मूळ वर ढगांत सुरक्षित आहे’, असें समजून हा ढगवाला फोटो पुसून टाकणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत. तो सगळीकडून पुसला जातो. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यांत पुसलेली फाइल तेथील केराच्या टोपलींत ३० दिवस राहते. तेवढ्या मुदतींत शुद्धीवर आलें तर ती परत आणतां येते. दुसराहि एक प्रकार आहे. मूळ फोटो पुसला तरी कोठींतला त्याचा नमुना कांहीं काळ मागें उरूं शकतो. तपासकामांत तज्ज्ञांना त्याचा उपयोग होतो. ज्यांना संगणक विकावयाचा अथवा दान द्यावयाचा आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

खुणेवरून होणारी याहून मोठी फसवणूक म्हणजे सोंग घेतलेली फाइल. ज्या फाइलींच्या नांवाच्या शेवटीं ‘ईएक्सई’ असतें त्या फोटो नसून चालणारे प्रोग्रॅम असतात, आणि आपली खूण कोणती दाखवावी हें प्रोग्रॅम करणारा स्वतः ठरवितो. दुष्ट मनुष्य तेथें फोटोची खूण लावूं शकतो. विंडोज आपण होऊन नांवाचा हा शेवटचा भाग लपवून ठेवितो. त्यामुळें ‘सहल-जेपीजी-ईएक्सई’ नांवाची फाइल आपल्याला ‘सहल-जेपीजी’ एवढीच दिसते. टिचकी मारली कीं चोर घरांत. म्हणून ‘व्ह्यू’ मधील ‘शो’ मध्यें जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हें चालू करून ठेवावें, असा माझा आग्रह आहे. फोल्डरांतल्या सर्व फोटोंना आपापलीं चित्रें आहेत आणि एकालाच कोरी खूण आहे, असें दिसलें तर आधीं त्याचें संपूर्ण नांव वाचावें.

मग चित्रें बंद करणें केव्हां योग्य? जुना, थकलेला संगणक असेल आणि हजारों फोटोंचा फोल्डर उघडतांना तो धापा टाकीत असेल, तर बंद करावींत. दुसऱ्या यंत्रावरचे फोटो तारेवरून मागवावे लागत असतील तेव्हांहि. आणि चारचौघांपुढें संगणक पडद्याला जोडून कांहीं दाखवावयाचें असेल तर अवश्य. घरचे खासगी फोटो, पत्नीच्या दवाखान्यांतील कागदांचे फोटो, हें सगळें भिंतीवर सहा फूट उंच दिसावें असें कोणालाच वाटणार नाहीं. काम झाल्यावर पुन्हां चालू करावें, आणि घरांतल्या माणसांना सांगून ठेवावें, म्हणजे कोणी घाबरणार नाहीं.

मॅकवाल्यांना हाच अधिकार फाइंडरच्या ‘व्ह्यू ऑप्शन्स’ मध्यें ‘शो आयकॉन प्रिव्ह्यू’ या नांवानें मिळतो; कमांड व जे या कळांनीं तें पान उघडतें. लिनक्सवर डॉल्फिन वापरणाऱ्यांनीं ‘प्रिव्ह्यू’ चें बटण पाहावें.

त्या रात्रीचें राहिलेंच. ती एक खूण करण्याचें ज्ञान मला तेव्हां नव्हतें, म्हणून मीं एकेक फोटो उघडीत बसण्याचा मार्ग धरला. रात्रीं दीडच्या सुमारास आयएमजी ०६३८ उघडला, आणि तो वर्ग समोर आला. तो मुलगा तिसऱ्या रांगेंत उभा होता, डावीकडून दुसरा. फोटोच्या वेळीं हंसूं नका असें मीं सांगितलेलें असूनहि हंसत होता. तसाच पाठविला. पुढचे दोन महिने दुपारीं जेवण झाल्यावर बसून मीं अकराशेंहि फोटोंना नांवें दिलीं. फाइलीवर टिचकी मारून एफ-२ ची कळ दाबली कीं नांव बदलतां येतें. आधीं साल, मग इयत्ता, मग ठिकाण, असा क्रम ठेवला, म्हणजे यादी आपोआप सालवार लागते. दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढून ती बहिणीच्या घरीं ठेवली आहे. आयएमजी ०६३८ चें नांव आतां ‘१९९४ चौथी शाळेचें पटांगण’ असें आहे.